तंबूतलं देऊळ आणि एक ठिपका

ड्राफ्ट्समनच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षी आम्हाला ग्रीक देवळांचे प्लॅन काढायला असत. बहुतेक सगळे सारखेच. लांबट चौकोन, भोवती खांबांची रांग, मध्ये गाभारा. एकच प्लॅन वेगळा होता. त्याच्या गाभाऱ्याच्या दोन्ही भिंतींमधून आखूड भिंती दातांसारख्या आत आलेल्या, आणि आतल्या टोकाला, बरोबर मधोमध, एक सुटा ठिपका. ट्रेसिंग करताना माझ्या हातून तो ठिपका राहिला. सरांनी शीट परत दिली. म्हणाले, "या देवळाचा जीव त्या ठिपक्यात आहे, आणि नेमका तोच विसरलीस?"

ते देऊळ बासाईचं, अपोलो एपिकुरियोसचं. ग्रीसच्या दक्षिणेला, पेलोपोनीसच्या डोंगरात, १,१३० मीटर उंचीवर. पुढे चाळीस वर्षं पुण्यात ऑफिसात बसून मी बाथरूमपासून साखर कारखान्यापर्यंत कशाकशाची ड्रॉइंग्ज काढली, पण तो ठिपका काही मनातून गेला नाही. निवृत्त झाल्यावर लंडनच्या भाचीला फोनवर सहज बोलून गेले, तर ती म्हणाली, "मावशी, तू फक्त ये. गाडी मी चालवते." ऑक्टोबरात आम्ही निघालो.

(जाणाऱ्यांसाठी: ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो, लंडन जोडायचं असेल तर ब्रिटिश व्हिसा वेगळा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीपासून सांगून ठेवा, तिकडे गिअरच्याच जास्त असतात. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.)

पहिला दिवस: अथेन्स

सकाळी आठला अ‍ॅक्रोपोलिसच्या दारात उभ्या राहिलो म्हणून तासभर तरी टेकडीवरचं पार्थेनॉनचं देऊळ शांतपणे पाहता आलं. दहा वाजल्यानंतर माणसांचा पूर लोटतो. पार्थेनॉनवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी एवढंच सांगते की इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात ते उभं राहिलं, आणि त्याच्या स्थपतींपैकी एकाचं नाव इक्तिनोस. हेच नाव दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासी पाउसानियास बासाईच्या देवळाबद्दल सांगतो. अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. पण ज्या हाताने साऱ्या जगाला दिसेल असं टेकडीवरचं देऊळ बांधलं, त्याच हाताने कुणी सहज जाणार नाही अशा डोंगरात दुसरं बांधलं असेल, ही कल्पनाच मला फार आवडते.

संध्याकाळी ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ पाहिलं. सुरुवात इ.स.पू. सहाव्या शतकात, पूर्ण झालं रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे सहाशेच्या वर वर्षं काम चाललं. एकूण १०४ खांब होते, आज १५ उभे आहेत. सोळावा १८५२च्या वादळात पडला, तो अजून तसाच आडवा आहे. त्याचे गोल तुकडे मुळ्याच्या चकत्या ओळीने लावाव्या तसे एकावर एक कललेत. या पडलेल्या खांबाचा फायदा असा की सतरा मीटर उंचीवरचं नक्षीकाम डोळ्यासमोर येतं. कोरिंथियन शीर्ष ते हेच. टोपलीला चहूकडून पानं फुटल्यासारखं.

त्या पानांची एक गोष्ट रोमन स्थपती विट्रुव्हियसने लिहून ठेवली आहे. कोरिंथ गावात एक लग्नाच्या वयाची मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि पावसापाण्याने खराब होऊ नयेत म्हणून वर कौल झाकलं. टोपलीखाली नेमकं अ‍ॅकँथस नावाच्या झुडपाचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीच्या कडेने वर चढली आणि कौलाला अडून बाहेर वळली. कॅलिमाकोस नावाच्या शिल्पकाराने वाटेने जाताना ते पाहिलं आणि दगडात घडवलं. गोष्ट खरी असो नसो, दाईचा हात त्यात आहे म्हणून मला ती खरी वाटते.

आज माहीत असलेल्या कोरिंथियन खांबांमध्ये सगळ्यात जुना खांब कुठला? बासाईचा. माझा ठिपका.

दुसरा दिवस: तेगेआ, मेगालोपोली आणि बंद दार

अथेन्सहून त्रिपोलीपर्यंत झकास हमरस्ता आहे. तिथून थोडी वाट वाकडी करून तेगेआला गेलो, कारण पाउसानियास म्हणतो की पेलोपोनीसमधल्या साऱ्या देवळांत, तेगेआचं सोडलं तर, दगडाच्या देखणेपणात आणि प्रमाणबद्धतेत बासाईचा पहिला नंबर लागेल. दुसरा नंबर पाहायचा तर पहिला पाहायलाच हवा.

पहिला नंबर आता गावातल्या घरांच्या मधोमध पडलेला आहे. अथेना अलेआचं देऊळ. जुनं इ.स.पू. ३९५मध्ये जळालं, मग पारोस बेटाच्या स्कोपासने नवं बांधलं. आज जोतं आहे आणि त्यावर खांबांचे भलेमोठे गोल तुकडे. याच्या गाभाऱ्यात भिंतींना लागून कोरिंथियन अर्धखांबांची अख्खी रांग होती. बासाईत एक होता, तेगेआत रांग झाली, अथेन्समध्ये जंगल झालं. दोन दिवसांत उलट्या क्रमाने हा प्रवास पायाखालून गेला.

कुंपणाला लागून एका आजोबांचं परसू होतं. आम्ही दोघी दगड मोजतोय हे ते बराच वेळ पाहत होते. मग आले आणि जाळीवरून पिवळीधमक, पेरूएवढी चार फळं दिली. "किदोनी," म्हणाले. नाकाशी नेलं तर गुलाब आणि सफरचंद एकत्र केल्यासारखा वास. कच्चं खाऊ नका, शिजवून खा, असं त्यांनी हाताने पातेलं ढवळून दाखवत सांगितलं. पुढचे तीन दिवस गाडीत तोच वास होता.

मेगालोपोलीला जुनं नाट्यगृह आहे, वीस हजार माणसं बसतील एवढं, आणि त्याच्या मागे वीजकेंद्राची धुराडी. इ.स.पू. ३७१मध्ये स्पार्टाचा पराभव झाल्यावर आर्केडिया या डोंगरी प्रदेशातल्या गावांनी मिळून हे शहर वसवलं. नवं शहर सजवायला गावोगावहून वर्गणी आली. बासाईजवळच्या फिगालिया गावच्या लोकांनी बासाईच्या देवळातली अपोलोची बारा फूट उंच ब्राँझची मूर्ती देऊन टाकली. देवळाच्या पहिल्याच शतकात त्याचा देव असा शहराला गेला. चौकाच्या अवशेषांत मी उगाचच शोधत फिरले. अर्थात आता तिथे काही नाही.

(मेगालोपोलीत पेट्रोल भरून घ्या आणि रोख पैसे काढून घ्या. पुढे डोंगर आहे.)

कारितेनाच्या किल्ल्याखालून रस्ता वळसे घेत आंद्रित्सेनाला पोचतो. आंबेनळी घाट ज्यांनी केलाय त्यांना काही वाटणार नाही. अंधार पडताना पोचलो तर जिथे खोली घेतली होती त्या घराचं दार बंद, दिवा नाही, फोन कुणी उचलेना. हंगाम संपला म्हणून मालक खाली शहरात निघून गेलेला. बाहेर आठ अंश तापमान. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चौकातल्या खाणावळीत दिवा दिसला म्हणून आत शिरलो. तिथल्या बाईंनी आमच्याकडे एकवार पाहिलं, आधी दोन वाट्या गरम सूप समोर ठेवलं आणि मग फोन फिरवायला घेतले. सूप पिऊन होईपर्यंत त्यांच्या नणंदेच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली होती.

ते सूप म्हणजे फासोलादा. पांढऱ्या घेवड्याचं, गाजर आणि सेलरी घातलेलं, वरून ऑलिव्ह तेलाची धार. सोबत होर्ता: उकडलेला रानपाला, लिंबू आणि तेल. उन्हाळ्यात जो पाला मिळतो तो व्लिता, चौकशी केली तर चक्क आपल्या माठाच्या कुळातला निघाला. शाकाहारी माणसाला या डोंगरात उपाशी राहण्याचं काही कारण नाही.

तिसरा दिवस: धुकं

आंद्रित्सेनाहून बासाई १४ किलोमीटर. सकाळी निघालो तेव्हा गावात ऊन होतं. पाचव्या किलोमीटरला ढगात शिरलो. ओक वृक्ष, खडक, मेंढ्यांच्या घंटा, आणि दहा पावलांपलीकडे काही नाही. जुलैतल्या महाबळेश्वरची आठवण झाली, फक्त इथला पांढरा काळोख कोरडा आणि बोचरा होता.

गाडी लावली आणि चालत निघालो. आधी दिसल्या पोलादी दोऱ्या, जमिनीतून वर धुक्यात गेलेल्या. मग एक प्रचंड पांढरं कापड, जहाजाच्या शिडासारखं ताणलेलं. १९८७पासून हे देऊळ तंबूत आहे. ज्यांना डोंगरमाथ्यावर निळ्या आकाशाखालचे राखाडी खांब असा फोटो हवा असतो ते इथून हिरमुसून जातात. मला आधीपासून माहीत होतं, तरी क्षणभर वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन देवाचं तोंड झाकलेलं.

मग आत गेलो.

आत दुधासारखा उजेड होता, कुठेच सावली नाही. खांब इतके जवळ की हात लांब केला तर लागतील. आत चढायला मनाई आहे, भोवताली मात्र हवं तेवढं फिरता येतं. वर कापड श्वास घेतल्यासारखं फुगत होतं, बसत होतं, आणि दोऱ्या बोटीवर कुरकुरतात तशा कुरकुरत होत्या. तंबूत आणखी कुणीच नव्हतं. भाची हळूच म्हणाली, "मावशी, आयसीयूसारखं वाटतंय." अगदी खरं होतं ते.

इथला दगड म्हणजे याच डोंगरातला राखाडी चुनखडक. शिल्पपट्टा, गाभाऱ्यातली स्तंभशीर्षं आणि छपराचा काही भाग तेवढा संगमरवरी. चुनखडकात बारीक शिरा असतात. पावसाचं पाणी त्यांत शिरतं, थंडीत गोठतं, गोठताना फुगतं आणि दगड आतून उकलतो. इथे हिवाळ्यात बर्फ पडतं. भूकंपाचे धक्के वेगळेच. मी एका खांबाशी वाकून पाहिलं: पन्हळीच्या कडेला पापुद्रे सुटलेत, जुन्या पोथीच्या पानांसारखे. एका खाचेत नखाएवढं हिरवं शेवाळ. डोरिक, म्हणजे साध्या डोक्याच्या, खांबाला वीस पन्हळी असतात. मी त्या मोजल्या, वीसच होत्या, तरी पुन्हा मोजल्या. चुना नाही, गारा नाही, सगळा सुका जोड. दगडाला दगड लोखंडी पट्ट्यांनी अडकवून वर शिसं ओतलेलं. हेमाडपंती देवळांचे बिनचुन्याचे जोड पाहत वाढलेल्या माणसाला इथे अगदी घरच्यासारखं वाटतं.

उत्तर बाजूचे खांब पुरातत्त्व खात्याने एकेक करून उतरवले, पाया नीट केला आणि जिथल्या तिथे पुन्हा रचले. जुन्या राखाडीत नव्या दगडाची फिकट ठिगळं ओळखू येतात, आणि ती तशी ओळखू यावीत हाच हेतू असतो. कुणी नाकं मुरडोत, मला ती ठिगळं प्रामाणिक वाटली.

आता प्लॅन. नेहमीचं ग्रीक देऊळ पूर्वेला तोंड करून असतं, हे उत्तरेला आहे. त्या काळात दर्शनी सहा खांब असले तर बाजूला साधारण तेरा असायचे. इथे सहा आणि पंधरा, म्हणजे जुन्या वळणाचं लांबुळकं. जोतं ३८ मीटर लांब आणि साडेचौदा मीटर रुंद. बाहेर सगळे डोरिक खांब, ३८, साधे आणि भारदस्त, सुमारे सहा मीटर उंच. आत गाभाऱ्यात आखूड भिंतींच्या टोकांना आयोनिक, म्हणजे डोक्यावर गुंडाळ्या असलेले, अर्धखांब, दोन्ही बाजूंना पाच-पाच. त्यांच्यामधल्या जागा देवळीसारख्या, आपल्याकडच्या ओवऱ्यांची आठवण करून देणाऱ्या. त्या खांबांची बुडं घागऱ्याच्या घेरासारखी पसरलेली. शेवटच्या दोन आखूड भिंती तिरक्या, आणि त्या तिरक्या भिंतींच्या मधोमध तो एकटा कोरिंथियन खांब. त्याच्या मागे छोटी खोली, जिला दार पूर्वेकडून. सकाळचा सूर्य त्या दारातून आत यायचा.

तीन जातींचे खांब एका देवळात. जसजसं आत जावं तसतसा खांब नाजूक होत जातो. आणि सगळ्यात आत, अंधारात, जे पूर्वी कुणी केलं नव्हतं ते.

दक्षिणेच्या अंगाला उभं राहून खांबांच्या फटीतून मी ती जागा शोधली. तिथे आता खांब नाही. काय झालं त्याचं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

गावकऱ्यांना हे देऊळ नेहमीच ठाऊक होतं. युरोपला ते कळलं १७६५मध्ये, जोआशीम बोशेर नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञामुळे. दुसऱ्या खेपेला नीट मापं घ्यायला म्हणून तो परत निघाला आणि वाटेत लुटारूंनी त्याला मारलं. नुसती मापं घ्यायला निघालेला माणूस. मी त्याच्या नावाने क्षणभर डोळे मिटले.

१८११मध्ये इंग्रज वास्तुतज्ज्ञ कॉकरेल, जर्मन हालर फॉन हालरस्टाइन आणि त्यांचे सोबती आले. पडलेल्या दगडांच्या ढिगातून एक कोल्हा बाहेर पळाला. बिळात डोकावून पाहिलं तर आत संगमरवरी माणसं लढत होती. गाभाऱ्याच्या आतल्या बाजूने खांबांवरून फिरणारा शिल्पपट्टा होता तो, ३१ मीटर लांब, २३ शिळा. ग्रीक देवळांत असे पट्टे बहुधा बाहेरून असतात. इथे तो आत. पुढच्या वर्षी हालरच्या देखरेखीखाली तो खणून काढला. देश तेव्हा तुर्की अमलाखाली होता. तिथल्या सुभेदाराने, वेली पाशाने, अर्ध्या वाट्याच्या बोलीवर परवानगी दिली होती, मग त्याची बदली झाली आणि त्याने आपला वाटा विकून टाकला. १८१४मध्ये झांते बेटावर लिलाव झाला आणि पट्टा ब्रिटिश म्युझियमला गेला.

कोरिंथियन शीर्ष मात्र गेलं नाही. किनाऱ्यावर माल चढवताना नव्या पाशाची माणसं आली, घाईत शीर्ष मागे राहिलं आणि फोडलं गेलं, अशी हकिगत सांगतात. त्याचे थोडे तुकडे उरले आणि कागदावर उरली ती त्या मंडळींनी केलेली रेखाटनं. जगभरच्या कोरिंथियन खांबांचा मूळपुरुष आज तुकड्यांत आणि पेन्सिलीच्या रेषांत आहे. ड्राफ्ट्समनचं काम कधी कधी एवढ्यासाठीच असतं.

तीन तास कसे गेले कळलं नाही. बोटं बधिर झाली होती. परत येऊन खाणावळीतल्या बाईंकडे खिलोपितेस खाल्लं: अंडी आणि दूध घालून घरी केलेले शेवयांचे चौकोनी तुकडे, वर किसलेलं मिझिथ्रा चीज. मग डोंगरी चहा, ज्यात चहा नसतोच, नुसती वाळवलेली सुगंधी काटकी.

(जाताना जाड जाकीट आणि बंद बूट हवेतच, ऑक्टोबरातसुद्धा. हिवाळी वेळापत्रकात दुपारीच बंद होतं, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. देवळाशी हॉटेल-बिटेल काही नाही, पाणी आणि डबा सोबत ठेवा. सार्वजनिक बसवर अवलंबून राहू नका.)

चौथा दिवस: ऊन

ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी सकाळी सहालाच दार वाजवलं. खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ईलिओस!" सूर्य. आदल्या रात्री माझं तोंड त्यांनी पाहिलं असणार.

पुन्हा वर गेलो. आज तंबू उन्हात होता आणि आतला सगळा उजेड मधाच्या रंगाचा झाला होता. कालचे राखाडी खांब आज कोमट दिसत होते. तंबूच्या कडेला उभं राहिलं की डोंगरांच्या रांगांमागे रांगा. 'बासाई' म्हणजे लहान लहान खोरी. खरंच, खाली नुसत्या घड्याच घड्या.

एवढ्या उंचावर, गावापासून इतकं लांब देऊळ का? पाउसानियास सांगतो, अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धाच्या काळात महामारी आली, अपोलो धावून आला, म्हणून फिगालियाकरांनी त्याला 'एपिकुरियोस', म्हणजे मदतीला येणारा, म्हणून हे देऊळ बांधलं. पण त्याच युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीस म्हणतो की ती साथ पेलोपोनीसमध्ये म्हणावी तशी पोचलीच नाही. शिवाय त्याच धातूतला दुसरा शब्द आहे 'एपिकुरोस', म्हणजे भाडोत्री सैनिक, आणि आर्केडियाचे डोंगरी लोक त्यासाठी नावाजलेले. १९०२ ते १९०८च्या कामात इथे बारक्या बारक्या ब्राँझच्या ढाली-चिलखतं सापडली, देवाला वाहिलेली. म्हणजे युद्धाला जाणारी पोरं इथे नवस बोलत असावीत. आपल्याकडे चांदीचे डोळे, हातपाय वाहतात, तसंच. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पण माझी आजी प्लेगमध्ये गावाबाहेर झोपडीत राहिलेल्या घरातली, त्यामुळे पहिल्या अर्थाकडेही मन ओढ घेतं. साथ आपल्यापर्यंत पोचली नाही, यासाठीही माणसं देऊळ बांधतील की.

तिकीट देणाऱ्या बाई काल धुक्यात आम्हाला पाहून गेल्या होत्या. आज मी वहीतला प्लॅन दाखवला, डिप्लोमाच्या शीटवरून पुन्हा काढून नेलेला. त्या चष्मा लावून बारकाईने पाहू लागल्या. बोट फिरवत फिरवत ठिपक्यावर आल्या आणि थांबल्या. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पूर्वेच्या बाजूला नेलं, एका विशिष्ट फटीशी उभं केलं आणि बोट दाखवलं. "एदो." इथे.

मी पाहिलं. फरशीतला एक दगड. त्यावर काही नाही.

किती वेळ उभी होते माहीत नाही. भाची फोटो काढायला आली आणि न काढताच परत फिरली.

निघताना त्या बाईंनी विचारलं, इथून कुठे? भाचीने सांगितलं, लंडन. त्या एकदम गप्प झाल्या. मग सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तिथे गेलात तर आमच्या माणसांना सांगा, घर अजून उभं आहे."

दुपारी खाली फिगालियाला गेलो. ज्या गावाने हे देऊळ बांधलं ते आज मूठभर घरांचं आहे. भोवती जुन्या तटबंदीचे तुकडे अंजिराच्या झाडांत अडकलेले, आणि खाली नेदा नदीची खोल घळ. एका घरासमोर अक्रोड वाळत घातले होते. आमच्या मराठी बोलण्याचा आवाज ऐकून एक बाई बाहेर आली, ओंजळभर अक्रोड दोघींच्या खिशात घातले आणि परत आत गेली. नाव नाही, गाव नाही, कुठून आलात नाही.

(१९८६मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं ग्रीसमधलं हे पहिलं ठिकाण. अ‍ॅक्रोपोलिस नंतर आलं. तरी इथे दोन दिवसांत आम्हाला अकराच माणसं भेटली. पेलोपोनीसला जाणारे ऑलिंपिया करतातच, त्यांनी एक मुक्काम आंद्रित्सेनाला वाढवावा. एक दिवस धुक्यात गेला तर दुसरा हाताशी असावा.)

सहावा दिवस: लंडन, सोळा नंबरची खोली

पाचवा दिवस रस्त्यात आणि विमानात गेला.

ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. सोळा नंबरची खोली मात्र जिना चढून वर आहे आणि कधी कधी बंदही असते, तेव्हा आधी विचारून जा. आम्हाला उघडी मिळाली. आत एक म्हातारा स्केच करत बसला होता, बाकी कुणी नाही.

भिंतींवर चारी बाजूंनी तोच पट्टा, मूळ देवळात होता तसा आत तोंड करून. एकीकडे ग्रीक आणि अ‍ॅमेझॉन नावाच्या लढवय्या बायका, दुसरीकडे लापिथ जमातीचे लोक आणि अर्धे घोडे असलेले सेंटॉर. पार्थेनॉनची माणसं शांत असतात. ही तशी नाहीत. वस्त्रं वाऱ्याने फाटल्यासारखी उडतात, केस ओढलेत, एक सेंटॉर मानेला चावतोय. काइनेउस नावाच्या वीराला शस्त्र लागत नसे, म्हणून दोन सेंटॉर भलामोठा दगड डोक्यावर हाणून त्याला जिवंतच जमिनीत गाडतायत. कंबरेपर्यंत तो गेलाय, तरी ढाल वर धरलेली. आणि एका शिळेवर अपोलो आणि त्याची बहीण आर्टेमिस, हरणं जोडलेल्या रथातून मदतीला येताना. एपिकुरियोस. धावून येणारा.

शिळा कोणत्या क्रमाने होत्या यावर अभ्यासक अजून भांडतात. मला ते भांडण कळतं. घरातून निघताना घाईत भरलेलं सामान पुन्हा जागच्या जागी लागत नाही.

मी वही उघडली. दार कुठल्या बाजूला धरायचं ते ठरवलं, तिकडे पाठ केली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे पावलं मोजत गेले. वहीत ठिपका जिथे होता त्या सुमाराला थांबले. चारी बाजूंना ती सगळी लढणारी माणसं होती. मी त्यांना मराठीतच सांगितलं, हळू आवाजात, स्केच करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून.

भाची दाराशी उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं. खिशात हात घातला तर फिगालियाचा एक अक्रोड राहिला होता.